मेक्सिकन भुंगे: गाजर गवतावर आणि सातवीच्या वर्गावर वापरून पाहिले, त्याचा रिव्ह्यू

प्रॉडक्टचं नाव मेक्सिकन भुंगा, म्हणजे गाजर गवत खाणारा किडा, किंमत शून्य, डिलिव्हरी एसटीनं, वॉरंटी नाही. 5 पैकी 4 स्टार देतेय, एक का कापला ते खाली येईलच. पण आधीच सांगते, हा रिव्ह्यू शाळेत शिकवणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना दोन एकराचा बांध आठ दिवसांत साफ करून हवाय त्यांनी पुढं वाचण्यात वेळ घालवू नका, खुरपं घ्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवी आठवीला विज्ञान शिकवते आणि हरित सेनेचं, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण गटाचं, कामही माझ्याच गळ्यात आहे. शाळेच्या मागं मैदान आणि ओढा ह्यांच्या मधे एक पट्टा आहे, कुणाचाच नाही म्हणून सगळ्यांचाच, तिथं पावसाळ्यात गाजर गवत असं माजतं की पोरांचा बॉल आत गेला तर कुणी आणायला जात नाही. काँग्रेस म्हणा, गाजर गवत म्हणा, पांढरी फुली म्हणा, सगळं एकच. एका झाडाला 10 ते 25 हजार बी धरतं आणि ते बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळं दरवर्षी गांधी जयंतीला उपटायचं, फोटो काढायचे आणि पुढच्या जूनला परत तेच, हा कार्यक्रम आमच्याकडं कित्येक वर्षं चालू होता. बरं 2 ऑक्टोबरपर्यंत त्याचं बी पडून गेलेलं असतं, म्हणजे आपण नुसत्या काड्या उपटतो आणि उरलेलं बी मैदानभर झटकत नेतो.

भुंग्यांच्या आधी शाळेनं पैसे देऊन एक वर्कशॉप घेतलं होतं, त्याचं सांगते म्हणजे तुलना कळेल. संस्थेचं नाव लिहीत नाही. प्रत्येक पोरामागं फी, दोन तास, पीपीटी आणि शेवटी सर्टिफिकेट. विषय होता 'तणांचं नैसर्गिक नियंत्रण'. पीपीटीत फोटो कसले तर कुडझू वेल आणि गार्लिक मस्टर्ड, ही अमेरिकेतली डोकेदुखी, आमच्या ओढ्यावर त्यातलं एकही नाही. पोरांनी विचारलं की सर आमच्याकडचं ते पांढऱ्या फुलांचं कधी दाखवणार, तर शिकवायला आलेले सर म्हणाले तत्त्व सगळीकडं सारखंच असतं. मग प्रत्येक गटाला एक स्प्रेची बाटली दिली, आत व्हिनेगर, मीठ आणि भांडी घासायचा साबण, आणि सांगितलं की हे ऑरगॅनिक तणनाशक. दुसऱ्या दिवशी पानं करपली, पोरं खूश, पंधरवड्यानं बुडातून नवीन पानं फुटली. आता मिठाचं पाणी गाजर गवतावर चालतं हे खोटं नाहीये, 15 ते 20 टक्के मिठाचं द्रावण पडीक जागेवर मारा असं तण संशोधनवाले स्वतःच सांगतात, पण ते पडीक जागेसाठी, जिथं दुसरं काही उगवायची अपेक्षा नाही तिथं. आम्ही त्याच पट्ट्यात करंज आणि कडुलिंबाची रोपं लावलेली. स्वयंपाकघरातलं आहे म्हणजे मातीला चालतंच, हा जो समज पोरं त्या दिवशी घरी घेऊन गेली तो काढायला मला अख्खी टर्म लागली. त्या वर्कशॉपला मी दोन स्टार देईन, एक ग्लोव्हज वाटल्याबद्दल आणि एक वेळेवर आल्याबद्दल.

तर भुंगे. माझी मैत्रीण पलीकडच्या तालुक्यात शिकवते, तिच्या शाळेजवळ कालव्याच्या रस्त्याला हे भुंगे झाडाझाडावर असतात, तिनं जुलैमधे आयस्क्रीमच्या डब्यात भरून गाजर गवताच्या पाल्यासकट एसटीनं पाठवले. कंडक्टरनं विचारलं डब्यात काय, तर ज्या मुलाबरोबर पाठवले होते त्यानं खरं सांगून टाकलं, किडे आहेत. मग तो डबा अख्ख्या प्रवासात मागच्या सीटवर एकटा बसून आला.

दिसायला एकदम गोड, साधारण 6 मिलिमीटर, दुधी पांढऱ्या पाठीवर चॉकलेटी नागमोडी पट्टे. पोरांना आधी ते लेडीबर्डच वाटले आणि ही चूक वर्गात होऊ द्यावी असं माझं मत, कारण लेडीबर्ड मावा खाते आणि हा पाला खातो, तिथूनच गप्पा सुरू होतात की कोण काय खातं आणि कोणाला काय खाता येत नाही. हा भुंगा मूळचा मेक्सिकोचा, गाजर गवतही त्याच बाजूचं, मेक्सिको आणि आजूबाजूचा अमेरिका खंड. तण आलं आणि त्याला खाणारा तिकडंच राहिला, सगळी भानगड एवढीच. पुण्यात 1955 साली हे तण नजरेत भरलं आणि 1956 मधे त्याची नोंद छापून आली. पीएल 480 ह्या अमेरिकन धान्य मदतीच्या योजनेतल्या गव्हाबरोबर आलं ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, पण भारतातल्या त्याच्या काही नोंदी त्याच्याही आधीच्या निघाल्यात, त्यामुळं मी वर्गात 'गव्हाबरोबर पसरलं असावं' इथवरच थांबते. भुंगा मात्र रीतसर आणला, 1983 मधे बंगलोरच्या बागायती संशोधन संस्थेत, तिथं बंद जागेत तपासला की हा आपली पिकं खातो का, आणि 1984 मधे बाहेर सोडला. तिथून पुढं माणसांनी नेला आणि तो स्वतःही उडत आला, आता महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी तो आपोआप सापडतो, फक्त आपलं लक्ष नसतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला तर डबा आल्यावर चार दिवसांनी तिच्याच घरामागं तसलाच भुंगा दिसला! मग आपण एसटीनं कशाला मागवले, असं तिनं विचारलं. बरोबर होतं तिचं.

वापरायची पद्धत सोपी. आम्ही निम्मे बाहेर सोडले, निम्मे वर्गात ठेवले. वर्गासाठी प्लास्टिकची मोठी पारदर्शक बरणी, तळाला चार बोटं ओलसर माती, वर मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर बँड. रोज ताजा पाला, जुना काढायचा नाहीतर बुरशी येते. मादी पानाच्या खालच्या बाजूला पिवळसर अंडी घालते, त्यातून अळ्या निघतात आणि खाण्याचं काम खरं त्या करतात, शेंड्याचे कोवळे कोंब आणि कळ्या आधी. पोरांना भिंगातून पानाच्या कडेची जाळी होताना बघायला एवढं आवडलं की मधल्या सुट्टीत रांग लागायची. मग एक दिवस अळ्या गायब. वर्गात शोककळा, एकानं तर चोरीचा आरोपसुद्धा केला. अळी कोषात जायला मातीत उतरते हे मी मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं, आणि तुम्हीही सांगू नका, कारण साधारण दीड आठवड्यानं मातीतून नवीन भुंगे वर आले तेव्हा जो आरडाओरडा झाला तो कुठल्याही पीपीटीनं होणार नाही. अंड्यापासून भुंग्यापर्यंत सगळं मिळून महिनाभर धरा, हवामान बघून थोडं मागंपुढं.

आता सगळ्यात भारी भाग, म्हणजे हा प्राणी शिकवतो काय. पोरांचा पहिला प्रश्न असतो तोच जो शास्त्रज्ञांचा होता, बाई हा उद्या आमची पिकं खायला लागला तर? तर करून बघा म्हटलं. बरणीत गाजर गवताबरोबर झेंडू, कोथिंबीर, भेंडीचं पान आणि सूर्यफुलाचं पान ठेवलं. सूर्यफूल मुद्दाम, कारण ते गाजर गवताच्याच कुळातलं आहे आणि खऱ्या आयुष्यातही तिथंच वाद झाला होता. 90 च्या दशकाच्या सुरवातीला कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलावर दिसले, बोंबाबोंब झाली, भुंगे सोडणं थांबवावं लागलं आणि सरकारनं समिती नेमून तपास केला. निघालं असं की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की भुंगा फसतो आणि थोडं कुरतडतो, पण त्यावर त्याचं खानदान चालत नाही, पिकाला म्हणावं असं नुकसान नाही. आम्ही सूर्यफुलाची दोन पानं ठेवली, एकावर मी मास्क लावून गाजर गवताची फुलं झटकली, दुसरं स्वच्छ. स्वच्छ पान कोरं राहिलं, दुसऱ्यावर चार ओरखडे दिसले. एका बरणीवरून काही सिद्ध होत नाही हे पोरांनीच मला सांगितलं, आणि मग प्रत्येक गटानं आपापली बरणी मांडली. सातवीचा वर्ग स्वतःहून म्हणतो की परत करून बघू, ह्यापेक्षा आणखी काय पाहिजे मला?

दुसरा प्रश्न एका शांत बसणाऱ्या पोरानं विचारला, ह्यांनी सगळं गवत खाल्लं तर मग हे जगणार कशावर? त्याचं उत्तर द्यायला मला फड्या निवडुंग लागला. पोरांना म्हटलं घरी आज्जीला नाहीतर आज्जाला विचारून या की पूर्वी निवडुंग किती होता आणि गेला कुठं. निम्म्या घरांतून उत्तर आलं की आमच्या लहानपणी कुंपणं, माळ, गावठाण सगळीकडं होता असं थोरले सांगायचे, मग कसला तरी पांढरा कापसासारखा किडा लागला आणि वाळून गेला. तो कापसासारखा किडा म्हणजे कोचिनील. 1795 च्या सुमाराला इंग्रजांनी लाल रंगासाठी म्हणून ब्राझीलहून कोचिनील मागवला, आला भलत्याच जातीचा, रंग काही धड मिळाला नाही पण त्यानं एका जातीचा निवडुंग फस्त केला. पुढं 1926 मधे श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा मुद्दाम आणला, तो इथल्या फड्या निवडुंगाच्या मागं लागला. आणि निवडुंग संपला का तर नाही, अजून कुठंकुठं आहे, किडाही आहे, दोघंही थोडे थोडे. मुळापासून नायनाट कधी होत नाही, दोघांचा एक तोल बसतो आणि आपल्याला तेवढं पुरतं. हे त्या पोराला पटायला वेळ लागला कारण त्याच्या डोक्यात पिक्चरसारखी शेवटची फायटिंग होती, पण निवडुंग त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला असल्यामुळं पटलं.

आता कापलेला स्टार. पहिली गोष्ट, हा भुंगा नोकरी फक्त पावसाळ्यात करतो. पाऊस सुरू झाला की मातीतून वर येतो, ऑगस्ट सप्टेंबरात जोरात खातो आणि थंडी लागली की परत मातीत जाऊन झोपतो. गाजर गवताला असली रजा नाही, ओल मिळाली की ते बाराही महिने उगवतं, कालव्याकडेला, नळाखाली, गोठ्यामागं. दुसरी गोष्ट, संख्या. एका जागेवर 500 ते 1000 भुंगे सोडा असा सल्ला असतो, आयस्क्रीमच्या डब्यातल्या मूठभर भुंग्यांनी पहिल्या वर्षी मैदानावर काहीही होत नाही, आमच्याही नाही झालं. सुतळीनं मीटर बाय मीटरचे चौकोन आखून पोरांनी दर आठवड्याला झाडं, फुलं आणि भुंगे मोजले, आलेख काढला, तर भुंग्यांची रेघ वर गेली पण झाडांची रेघ जवळजवळ तशीच. फुलं थोडी कमी दिसली, तेवढंच. आणि पानं खाल्लेलं झाड जोराच्या पावसात परत फुटतं, हेही लिहून ठेवा. वस्तूवर 'तण नष्ट करतो' असं लेबल असतं तर मी रिफंड मागितला असता, पण भुंग्यावर लेबल नसतं, ते आपण लावतो.

तिसरी गोष्ट भुंग्याची चूक नाही पण सांगायला पाहिजे. 15 ऑगस्टच्या आधी गावात सगळीकडं साफसफाई निघते, कुणीतरी पंप घेऊन आलं आणि आमच्या निम्म्या पट्ट्यावर तणनाशक मारून गेलं, चौकोनांच्या सुतळ्यांसकट. पाला वाळला, भुंगे उपाशी. आणि गंमत बघा, गाजर गवत जागृती सप्ताह दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट असतो, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून देशभर. म्हणजे 14 तारखेला फवारायचं आणि 16 तारखेला जागृती. माझं स्वतःचं म्हणणं असं की हा आठवडा भुंगे सोडायला चांगला, पण उपटायला उशीराचा, तोवर बरीच झाडं फुलावर आलेली असतात. उपटायचं ते जुलैमधे, माती ओली असताना, मुळासकट, फूल यायच्या आत.

उपटण्यावरून आठवलं, ही एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ह्या गवतानं अंगाला खाज, चट्टे, दमा, सर्दी असले प्रकार होतात, एकदा ॲलर्जी बसली की पुढं नुसत्या वाऱ्यावर आलेल्या कणांनीही त्रास होतो. आम्ही आधी पालकांना चिठ्ठी देऊन विचारलं, दमा किंवा कातडीचा त्रास असलेली पोरं बरणी आणि आलेखाच्या कामाला, बाकीच्यांना फुल बाह्या, हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि फुलावर आलेलं झाड पोरांनी उपटायचंच नाही, ते मोठ्यांचं काम. वर्गातल्या बरणीतही पाला कोवळा ठेवायचा, फुलं नकोत. एका पालकांनी तरी येऊन विचारलंच की मॅडम किडे कशाला शाळेत, त्यांना बरणी दाखवली, ते स्वतःच अर्धा तास बघत बसले.

उपटलेल्या झाडांचं कंपोस्ट केलं. खड्डा, शेण, माती, पाला असे थर, वरून शेणमातीनं लिंपून चारपाच महिने. फुलाआधीचीच झाडं टाकायची, कारण खत नीट तापलं नाही तर बी मरत नाही आणि मग आपणच ते खतातून वाफ्यात पेरतो. इथं फार लिहिण्यासारखं काही नाही, खत चांगलं झालं.

भुंग्याबरोबर जोडीला घ्यायचीच असेल तर टाकळा घ्या, विदर्भात तरोटा म्हणतात तो. त्याचं बी दिवाळीच्या आसपास शेंगांतून गोळा करायचं आणि एप्रिल मे मधे, वळवाच्या आधी, जिथं गाजर गवत येतं तिथं दाट फेकायचं. पहिल्या पावसात तो आधी उगवून जागा धरतो आणि गाजर गवताला सावलीत दाबतो. भुंगा झोपलेला असताना जे काम राहतं त्यातलं थोडं हा करतो. आणि कोवळा टाकळा म्हणजे भाजी! आमच्या एका पोराच्या आईनं डाळ घालून केलेली डब्यातून आली, वर्गानं संपवली, तणाचा बंदोबस्त शिकताना जेवायला मिळणारा हा एकच धडा असावा. काही ठिकाणी ह्याच कामाला टाकळ्याच्या जातकुळीतली परदेशी झाडं लावतात, ते मला तितकंसं पटत नाही, एक पाहुणा घालवायला दुसरा कशाला बोलवायचा. इथं पोरांनी मला पकडलं, म्हणाली बाई भुंगा पण परदेशीच की. हो, आहे, पण तो आधी काय खातो हे तपासून आणलाय, झाडाला मात्र जागा मिळाली की ते कुठंही पसरणार. ह्यावर वर्गात दोन तट पडले आणि तास संपला, माझ्याकडंही ह्याचं एक ओळीचं उत्तर नाहीये.

पुण्यामुंबईकडच्या शाळांसाठी एक, तुमच्याकडं मैदान नसेल पण जलपर्णीनं भरलेली नदी नाहीतर तळं असेल तर तिच्यासाठीही असाच सोंड्या भुंगा आहे, निओकेटिना, तोही 80 च्या दशकातच बंगलोरला आणलेला. पण ते काम पाण्याकाठचं आहे, घाण पाण्यात पोरांना उतरवू नका, पानावरचे त्याचे छोटे चौकोनी ओरखडे काठावरूनच दाखवता येतात.

एकूण काय तर शिकवायला 5, तण काढायला 2, दिसायला 5, ग्राहक सेवा शून्य. सरासरी काढू नका, मी 4 दिलेत ते शाळेच्या हिशोबानं.

मागवायचे असतील तर आधी स्वतःच्या गावात जुलैच्या शेवटी पाऊस उघडलेल्या सकाळी रस्त्याकडेची खाल्लेली झाडं बघा, शेंडे जाळीदार दिसले की तिथं ते आहेतच. नसतील तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर कृषी महाविद्यालयात विचारा. डबा कुठलाही चालतो, झाकणाला टाचणीनं बारीक भोकं पाडा, पंचिंग मशीननं नको कारण छोट्या अळ्या निघून जातात, आत पाला भरपूर पण ओला नको, उन्हात ठेवू नका, आणि आले त्याच दिवशी संध्याकाळी सोडा. कुणी विचारलं डब्यात काय आहे तर शाळेचं साहित्य सांगा, सीट मिळेल.